आखाजीची गाडी

मी संशयी बाई आहे असं गावात सगळे म्हणतात, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. नवरा गेल्यावर, लेक दूर परगावी नोकरीला असताना, गिरणेकाठची केळी आणि विहीर मी संशयावरच राखली. खत देणारा असो की मोटार दुरुस्त करणारा, आधी वरपासून खालपर्यंत बघून घेते, मग बोलते. त्यामुळे कामिनी नावाची ती पोरगी धुळ्याहून स्कूटी घेऊन आली आणि "अक्का, तुमच्या सुनेचं नाव मतदार यादीत आहे का?" असं गोड आवाजात विचारू लागली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तुले काय करनं शे तिना नावनं?" मी म्हटलं.

तिनं ओट्यावर बसून नीट सांगितलं. आमच्या घाटावरची वाळू उपसायला द्यायची की नाही, याचा ठराव एक मेच्या ग्रामसभेत येणार होता. ग्रामसभेत हात वर करायचा हक्क गावच्या मतदारालाच. आणि गावातल्या कितीतरी सुनांची नावं अजून माहेरच्याच यादीत पडून होती. "विहिरी आटल्या की हंडे घेऊन पळायचं कोणी, अक्का? सुनांनीच. मग ठरवायला त्या नकोत का?"

वाळूचं मला कुणी शिकवायला नको होतं. नदीपलीकडच्या गावानं वाळू दिली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिथल्या विहिरींचे तळ दिसायला लागले. माझी विहीर तर नदीला लागूनच. ती आटली की केळी गेली, आणि केळी गेली की मी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला. ते सगळं खरं. पण आमची वाळू वाचवून धुळ्याच्या पोरीला काय मिळणार होतं? भर उन्हाची ती दारोदार फिरे. कुणी चहा दिला तर पिई, नाही दिला तर पाणी मागून घेई. फुकट एवढं कोण करतं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यात एक दिवस ती मला योगराजच्या ओट्यावर चहा पिताना दिसली. योगराज आमच्या भाऊबंदांतला. दारात ट्रॅक्टरांची रांग, आणि वाळूचा ठेका हवा होता तो त्यालाच. मी तिला रस्त्यातच गाठलं. ती हसली. "त्यांच्या दोन्ही सुनांची नावं घातली, अक्का. हक्क काय माणूस बघून द्यायचा?"

माझी खात्रीच पटली. दोघं एकाच ताटात जेवणारे. घरी येऊन मी सुनेला, नूतनला, बजावलं की त्या पोरीला आधार कार्ड दाखवायचं नाही. नूतननं मान डोलावली आणि परस्पर नाव घालून आली. त्यानंतर बरेच दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, एप्रिलच्या अगदी शेवटच्या दिवशी आली. आमच्या खान्देशात दिवाळी राहिली तरी चालेल, पण आखाजीला सासुरवाशीण सासरी राहता कामा नये. भाऊ मुराळी होऊन येतो, बहिणीला घेऊन जातो, आणि मग झोके, गौराईची गाणी, आमरस. नूतनचा भाऊ ललित भुसावळला रेल्वेत. त्याला रजा मिळेना. नूतन तोंड पाडून बसली होती, तेवढ्यात योगराज आला.

"काकी, यंदा मुराळीनी वाट पाहू नका. मी गाड्या लावेल शेतस. बठ्ठा सुनास्ले माहेरले पोचाडसू, मांगतून लयी बी येसू."

"पैसा?"

"सुनास्कडथून पैसा लेसू का, काकी?"

योगराज फुकट काही देणारा नव्हे. पण त्याचा डाव मी लगेच ओळखला: पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. म्हटलं, गाडी त्याची, मत आपलं. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. नूतन जरा घुटमळली, तर मीच तिची पिशवी गाडीत टाकली. "बठ, फुकट शे," म्हटलं, आणि ती जामनेरकडे गेली.

आखाजीला माझी लेक मयुरी आली. तिला नदीच्या वरच्या अंगाला दिलेली आहे. वर्षातून एकदा ती मोकळी होते ती याच दिवशी. सकाळी घागर पुजली, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. पूर्वी ते आमच्याच नदीच्या वाळूत पिकायचं. दुपारी लिंबाखाली पोरी झोके घ्यायला लागल्या. मयुरीचा झोका फांदीपर्यंत जात होता. तिचं ते हसणं ऐकून माझं पोट भरलं.

एवढ्यात कामिनीची स्कूटी आली. दुसऱ्या दिवशीच्या सभेची आठवण द्यायला फिरत होती. लिंबाखालची गर्दी बघून तिचा चेहरा फुलला. "अक्का, उद्या एवढ्या बायका आल्या तर जिंकलोच!"

"या सुना नहीत, माय," मी म्हटलं. "या गावन्या आंडेरी, लेकी शेतस. येस्ना मत सासरले."

तिचा चेहरा उतरला. "मग सुना?"

"माहेरले. आखाजी शे ना."

बोलले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. आखाजी आणि सभा या दोन्ही तारखा मला महिनाभर ठाऊक होत्या. तिलाही असणारच. पण आखाजीला सुना नसतात हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की ते कुणी मोजलंच नाही. मोजलं फक्त योगराजनं.

तेवढ्यात नळावर योगराजची सून पुनम दिसली. हंडा भरत होती.

"तू कशी काय नही गयी माहेरले?"

"सासरास्नी सांगं, सभा व्हयी जाऊ दे, मंग जाय."

मी मयुरीचा झोका धरून थांबवला. "तुले कोन लयी उना?"

"आमना गावमा बी गाड्या लावेल व्हत्यात ना! ड्रायवर तं आठलाच व्हता. योगराजभाऊना."

"तठे सकाय सभा शे?"

"शे. वाळूनीच शे."

म्हणजे सभेच्या दिवशी त्या गावच्या सुना इकडे, आमच्या तिकडे, आणि हात वर करायला कुठंच कुणी नाही. संशय करण्यात माझा जन्म गेला, आणि ज्याच्यावर करायचा त्याच्या गाडीत मी सुनेची पिशवी ठेवली होती. राग आला तो योगराजचा नाही, माझाच. कामिनीकडे बघवेना.

मी नूतनला फोन लावला. म्हटलं, सकाळी निघून ये.

पलीकडून बारीक आवाजात, "अक्का, खरं सांगा. कोन आजारी शे?"

"कोनी नही. सभाले ये. हात वर कराले."

"तुम्हीच तं नाव नको घालू म्हनेत." तिला वाटलं असणार, सासूला कामाला माणूस हवंय. तिनं फोन ठेवला. घरोघर जाऊन बाकीच्या सासवांना सुना बोलावून घ्यायला सांगितलं, तर दोघीतिघींनी सरळ विचारलं, "कुंदाबाई, तुले कोन्ही काय दिन्हं?"

मग मी लिंबाखाली परत आले आणि मयुरीला म्हटलं, "पोरी, तू जाय. सकाय तुन्हा गावमा हात वर कर."

"आजच उनी मी, माय."

"माहीत शे."

ती रडली नाही. पिशवी घेतली आणि कामिनीच्या मागे बसली. झोका नुसताच हलत राहिला. आखाजीला लेकीला माघारी धाडणारी आई गावात दुसरी कुणी नसेल. मी घरात जाऊन रडले.

सभेत योगराज पुढं बसून सगळ्यांना नमस्कार करत होता. कधी सभेला न आलेल्या म्हाताऱ्या मी ओढून आणल्या होत्या. तरी कमीच वाटत होतं. ठराव वाचून झाला, तेवढ्यात ललितची मोटारसायकल पारापाशी थांबली. एक मेची सुट्टी होती त्याला. मागून नूतन उतरली ती तडक घरी गेली, नंतर कळलं की सगळ्या खोल्या आणि चूलही बघून आली, आणि मग सभेत येऊन माझ्या शेजारी बसली. "खरंच कोनी आजारी नही?" तिनं विचारलं. तिच्यामागून आणखी काही सुना आल्या, बहुतेक अशाच, काय भानगड आहे ते बघायला. संशयानं का होईना, आल्या.

विरोधात हात मागितले. मी वर केला. नूतननं माझ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि तिनंही केला. ग्रामसेवकानं पुन्हा पुन्हा मोजले. थोडक्यात, पण ठराव पडला. योगराजनं त्यानंतर कुणाला नमस्कार केला नाही.

दुपारी मयुरीचा फोन आला.

"माय, आठे ठराव पास व्हयी गया. बायास्मा मी एकलीच व्हती. सासरा समोर बठेल व्हतात. म्हनेत, हात खाले कर."

"मंग?"

"नही करा."

नदी तीच. वरून वाळू गेली तर माझ्या विहिरीला पाणी किती दिवस राहणार, ते मला कळत होतं. पण त्या वेळी विहीर डोळ्यांसमोर नव्हतीच.

"आखाजी सरनी नही अजून," मी म्हटलं. "झोका बांधेल शे. ये."

"आते कोन धाडी माले?"

मुराळी पुरुषच असतो. भाऊ नाही तर काका, नाही तर मामा. बाई कधी मुराळी झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी पिशवीत सांजोऱ्या बांधल्या आणि चपला घातल्या. दारात नूतन उभी. "कोठे चालन्यात?" तिनं विचारलं, आणि डोळे बारीक केले. अगदी माझ्यासारखे.

"मुराळी जास," मी म्हटलं, आणि फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले. योगराजची गाडी समोर थांबली, काच खाली झाली. ड्रायव्हर म्हणाला, बसा काकी, तिकडेच चाललोय. मी मान फिरवली.