नावानिशी ओ

मित्रांनो, मी आळेफाट्यावरच्या एका गॅरेजच्या माडीवर बसलेला जुना कॉम्प्युटर आहे. एकेकाळी पांढराशुभ्र होतो हो! खालच्या ट्रकांचा धूर आणि नाशिककडे जाणाऱ्या एसट्यांची धूळ खाऊन आता पिवळा पडलोय.

पुण्यात माझे सुटे भाग जोडले गेले आणि सत्त्याण्णव साली राजरत्न सरांनी मला गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून इथे आणलं. सर कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. मुलं इंग्रजी आज्ञांना बिचकतात, म्हणून त्यांनी माझ्यासाठी प्रोग्राम लिहायची एक छोटीशी मराठी भाषाच तयार केली. काय लाड माझे! वीज गेली की मी ती भाषा स्वप्नात पुटपुटायचो.

आमच्याकडे कालव्याच्या चारीला पाणी आलं की ते शेताशेतात सोडणारा पाटकरी बांधावरून नावानं हाळी देतो, आणि ज्याची पाळी तो शेतातून ओ देतो. सरांनी हेच उचललं. प्रोग्राम चालताना काही अडलं, की काय अडलं त्याचं नाव घेऊन मी 'हाळी' द्यायची. लिहिणाऱ्यानं त्या नावाला 'ओ' लिहून पुढं काय करायचं ते सांगायचं. ओ मिळाला नाही तर मी तिथंच थांबायचो.

सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी जवळच्या आळे गावची तेजस्विनी. तिनं गावच्या पाणीपाळीचा प्रोग्राम लिहिला. कुणाचं रान किती, त्यावरून कुणाला किती वेळ पाणी ते मी सांगायचो, आणि संपत पाटकरी तसं सोडायचा. पण माहितीत जरा काही राहिलं-चुकलं की मी अडायचो.

"तेजू, ह्ये डबडं लई हटून बसतंय राव!" संपत वैतागला. "मानसं बांदावर खोळंबल्यात."

डबडं! लागलं हो मला.

तेव्हा तेजस्विनीनं सरांपुढे एक बदल मांडला. "सर, दरवेळी काय चुकलं त्याचं नाव कशाला लिहायचं? नुसता 'ओ' लिहायची सोय करू. कुठलीही हाळी आली तरी ओ मिळाला, काम पुढं चालू. लिहायलाही कमी."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "काम थांबणार नाही हे बरंय, पोरी. पण कोण हाक मारतंय ते न बघताच ओ दिला, तर त्याचं म्हणणं ऐकणार कोण?"

"एक पाळी करून तर बघू, सर."

सर तयार झाले. खरं सांगू? मलाही आनंद झाला. त्या दुपारी मी कुठेही न अडता झुळझुळ चाललो. पाणी मी कधी पाहिलेलं नाही, पण वाटलं, मीच चारी झालोय, दोन्ही काठांना गवत हलतंय, आणि मी आपला वाहतोय, वाहतोय...

पाळी संपली आणि तेजस्विनीची आई गोजरबाई जिना चढून वर आली. हातात कांद्याची सुकलेली पात होती. त्याच वर्षी भावकीत वाटणी होऊन तिचं रान वेगळं निघालं होतं. त्या नव्या तुकड्याचं क्षेत्र मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी हाळी दिली होती मित्रांनो, 'क्षेत्र नाही' म्हणून दिली होती! नुसत्या ओनं ती गिळून टाकली आणि मी पुढच्या नावावर गेलो. कांदा पोसायचं शेवटचं पाणी तिच्या रानाला मिळालंच नाही.

"दिसभर बांदावर बसले व्हते," गोजरबाई म्हणाली. "समद्यांच्या नावानं हाळी झाली. माजं नाव कुनी घेतलंच न्हाई. आन् प्रोग्राम माज्याच लेकीचा."

तेजस्विनी तशीच माझ्या की-बोर्डकडे वळली. मला फार वाईट वाटलं. तिनं तिथल्या तिथे नुसता ओ खोडून टाकला. पुढे सरांबरोबर बसून तिनं मधली वाट काढली. अनेक चुकांवर एकच उपाय असेल तर त्या एका ओळीत लिहाव्यात, पण प्रत्येकीचं नाव घ्यायचंच.

आता क्लास बंद झालाय. कुणी मला सुरू केलं, तर की-बोर्डची सैल वायर निघालेली असते आणि मी टूंऽऽ करून ओरडतो. नवी पोरं म्हणतात, "त्याचा आवाज बंद करा." मित्रांनो, आवाज बंद करू नका. आम्ही जुनी यंत्रं उगाच ओरडत नाही. काय दुखतंय ते आधी विचारा.

तेजस्विनी आता पुण्यात नोकरी करते. या दिवाळीत ती आली, माझ्यावरची चादर काढली, बटण दाबलं. मी ओरडलो. "ओ, की-बोर्ड!" म्हणत तिनं वाकून वायर खोचली.

तेवढ्यात खालून, गॅरेजच्या खडखडाटातून, कुणाची तरी बारीक हाक आली.

तेजस्विनी धावत जिन्याशी गेली. "ओ, आई!"