लॅबची शिदोरी

मी पेनड्राइव्ह बोलतोय, आणि आज जरा मोठ्यानं बोलणार आहे.

नांदेडच्या एका दुकानातून देविका मॅडमनी मला हदगावजवळच्या त्यांच्या शाळेत आणलं. तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळं होतं, फक्त इंटरनेट नव्हतं. सरकारी कागदावर मात्र तेही केव्हाच येऊन बसलं होतं!

सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा. तिचं सॉफ्टवेअर मशीनवर चाललं नाही तर केंद्र नांदेडला हलवू, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी फोनवर सुनावलं.

"मंग आमच्या घरचे पाठवायचे न्हाईत, मॅडम," परीक्षेला बसणारी उज्वला म्हणाली. बाकीच्या मुलींनी माना खाली घातल्या. इंटरनेट द्यायचं नाही आणि वर शिक्षा पोरींना, ही कुठली रीत?

मॅडमनी नांदेडच्या भावाकडून, सर्वेशकडून, सॉफ्टवेअर माझ्यात भरून आणलं. लॅबमध्ये लावलं, तर मशीन अडलं: सोबतच्या फायली नाहीत, इंटरनेट जोडा! एका सॉफ्टवेअरला चालायला दुसरी कितीतरी लहान सॉफ्टवेअर लागतात. सर्वेशच्या लॅपटॉपमध्ये ती आधीच होती, म्हणून त्यानं ती दिलीच नव्हती.

"तुझ्या घरात तेल-मीठ आहे, म्हणून मला नुसतं पीठ बांधून दिलंस होय रे?" मॅडम फोनवर कडाडल्या. "थांब, आमचं मशीनच आणते. काय काय लागतं ते त्यालाच विचार."

शनिवारी लॅबमधला एक कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून एसटीत चढला. मी पर्समध्ये होतो.

"बाई, ह्येचं तिकीट?" कंडक्टरनं विचारलं.

"मांडीवरच आहे की. लेकरू समजा."

"लेकरू लई वजनदार हाय!"

अख्खी गाडी हसली.

सर्वेशनं त्या मशीनला हवं ते सगळं उतरवून माझ्यात एकत्र बांधलं. मग इंटरनेटची वायर उपटली आणि माझ्यातूनच सॉफ्टवेअर बसवून पाहिलं. चाललं! लॅबमधली सगळी मशीन एकाच खेपेची, म्हणजे एकाला चाललं ते सगळ्यांना चालणार. रविवारी मी एकेकाला जाऊन भिडलो आणि एकही अडलं नाही.

सोमवारी साहेब दारातच थबकले. "इंटरनेट आलं का?"

"न्हाई साहेब," उज्वला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "परीक्षा चालू हाय. बसा."

आता माझं टोपण हरवलंय. लॅबच्या दाराशी खिळ्याला दोरीनं लटकतो. आसपासच्या शाळांतले शिक्षक मला मागून नेतात. खुशाल न्या, माझी नक्कल करा. फक्त आधी तुमच्या मशीनला काय लागतं ते विचारा.

आणि कागदावर इंटरनेट आणणाऱ्यांनो, तुम्हीही या. तुमच्यावाचून पास झालेल्या पोरी इथं भेटतील.