संघराज्याचे पहिले कायदामंत्री

हॉलंडमधल्या कापेलच्या वृद्धाश्रमात सुनेत्रा मदतनीस म्हणून लागली, तेव्हा मथायस आजोबांबद्दल तिला एवढंच कळलं होतं की ते एकेकाळी मंत्री होते. दूरच्या समुद्रातल्या तीन बेटांनी मिळून एक संघराज्य केलं, त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळातले ते सर्वांत तरुण, कायदामंत्री. पुढे बेटांचं आपसात फाटलं, लष्कर आलं आणि मथायस जीव घेऊन हॉलंडला आले. बरोबरीचे मंत्री एकेक करून गेले. आता त्यांना एकच ध्यास होता, साल्मेला, आपल्या जन्मबेटावर जाऊन मरायचं.

त्यांच्या मुलीला वेळ होईना, म्हणून हेगला साल्मेच्या दूतावासात त्यांची चाकाची खुर्ची सुनेत्रानेच नेली.

तिथली अधिकारी तरुण होती, आदबीने बोलत होती. "सर, शाळेत आम्हाला तुमच्यावर धडा होता. पण नागरिकत्व देता येणार नाही. संघराज्याचं नागरिकत्व घेताना ज्यांनी बेटाचं सोडलं, त्यांना ते परत मिळत नाही. संघराज्य फुटलं तेव्हा जे बेटावर राहत होते, त्यांनाच सूट मिळाली."

"ते कलम मीच लिहिलं," मथायस म्हणाले. "कुणी मागे फिरू नये म्हणून."

"टूरिस्ट व्हिसा लगेच देते. महिन्याभराचा."

"आणि महिन्याभरात मेलो नाही तर?"

तिने व्हिसाचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

परतताना गाडीत ते म्हणाले, "तू अजून भारताचीच ना?"

"पुढच्या महिन्यापर्यंत." सुनेत्राने खिडकीबाहेर पाहिलं. "गेमेंटेत, इथल्या नगरपालिकेत, शपथविधी आहे. इथला पासपोर्ट घेतला की तिकडचा जातो."

"नको असेल तर थांब."

"नवरा आणि लेक एका देशाचे, मी दुसऱ्या. असं किती वर्षं राहू?"



घरी तिने नवऱ्याला, अनिमेषला विचारून पाहिलं, "पासपोर्ट मी पुढच्या वर्षी घेतला तर?"

"पुढच्या वर्षी काय बदलणार आहे?" तो शांतपणे म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. कोणता फ्रॉक घालू, असं लेक डचमध्ये विचारत होती.

शपथेच्या दिवशी सगळ्यांबरोबर तीही उभी राहिली. नाव पुकारल्यावर जे म्हणायचं, ते म्हणाली. सांगलीहून आईचा फोन आला तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन बोलली.

त्याच सुमारास मथायसच्या मुलीने अखेर सुट्टी काढली आणि त्यांना साल्मेला नेलं. व्हिसा संपला तसे ते परत आले, तब्येतीने ठणठणीत.

"कसं होतं?" त्यांचा कोट काढता काढता सुनेत्राने विचारलं.

"हॉटेल स्वच्छ होतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझं?"

"झालं."

त्यांनी मान हलवली. सुनेत्राने त्यांची बॅग उघडली आणि स्वेटर एकेक करून पुन्हा कपाटात लावायला घेतले.