त्याच बादलीचं पाणी

यज्ञेश्वरांनी टोमॅटोंना पाणी घातलं, हात झटकले, घरात गेले आणि लगेच बादली घेऊन परत आले.

"अहो, आत्ताच तर घातलंत," कमलिनी म्हणाली.

"मी? छे! बघ तरी, कशी सुकलीत रोपं."

रेल्वेच्या कचेरीत हयात घालवलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर टोमॅटोंचं वेड लागलं होतं. प्रेम नगरातल्या घरामागे रोपांच्या मधोमध त्यांनी मातीची पाझरती मडकी गळ्यापर्यंत पुरली होती. मडकं भरून ठेवायचं. जमीन लागेल तेवढं पाणी ओढून घेते. वर गव्हाच्या भुशाचा जाड थर, म्हणजे झाशीचं ऊन ओल पळवत नाही. भुसा मात्र खोडाला चिकटता कामा नये, खोड कुजतं. हे त्यांनी शेजाऱ्यांना हिंदीतून आणि बायकोला मराठीतून इतक्यांदा ऐकवलं होतं, की तिचे कान किटले होते. फाटकाबाहेर हिंदी, आत मराठी, हा त्या घराचा शिरस्ता. एवढ्या संसारात नवराबायको भांडली तीसुद्धा मराठीतच.

आता ते विसरत चालले होते. जेवल्याचं विसरत, मुलाचं नाव विसरत. बायको आणि टोमॅटो तेवढे शिल्लक होते. भरलेल्या मडक्यातच ते पाणी ओतत राहत, भुसा तरंगे, पानं पिवळी पडू लागली. कमलिनीनं बादली लपवून पाहिली, तर ते दिवसभर हात चोळत फिरले, जेवलेही नाहीत.

मग तिनं युक्ती काढली. ते आत गेले, की लोट्यानं मडकी उपसायची आणि पाणी बादलीत भरून ठेवायचं. ते येत, रिकामं मडकं पाहून "सांगत नव्हतो?" म्हणत, आणि खुशीत पुन्हा भरत. दिवसभर तीच बादली, तेच पाणी. तिची कंबर मोडून जाई.

"भाभीजी, उखाड़ फेंको ये पौधे," शेजारच्या दुर्गाबाई कुंपणावरून म्हणाल्या. "काहे को जान दे रही हो?"

कमलिनी नुसती हसली. तिच्या मनानं घेतलं होतं, की त्यांना झाडांची ओळख राहिली तर आपलीही राहील. वेडेपणा होता, तिलाही कळत होतं.

झाडं सावरली. होळीच्या सुमारास टोमॅटो लालबुंद झाले.

त्या सकाळी ती वाकून मडकं उपसत असताना मागे पावलं वाजली. चोरी पकडली गेल्यासारखी ती दचकून उभी राहिली. यज्ञेश्वर ओंजळभर टोमॅटो घेऊन उभे होते.

"बहनजी," ते अदबीनं म्हणाले, "बड़ी मेहनत करती हैं आप। ये लीजिए, घर ले जाइए।"

'अहो, मी आहे,' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण देताना त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की तिला ते बोलवेना. तिनं पदर पुढे केला.

"जी, भैया," ती म्हणाली. आपल्याच नवऱ्याला भैया! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

यज्ञेश्वर समाधानानं घराकडे वळले आणि दारातून त्यांनी हाक मारली, मराठीत, नेहमीच्या लाडानं, "कमल, अगं बाहेर ये! टोमॅटो पिकलेत बघ!"

"आले," सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी वळून पाहिलं आणि ते संकोचून हसले.

"आपको नहीं, बहनजी," ते म्हणाले. "हमारी मिसेज को बुला रहे हैं।"