घरट्यात थांबलेल्या

जगदलपूरच्या एका निवासी शाळेला आज पाच वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. जीवशास्त्र शिकवायचं, राहायला खोली. अर्ज मीच केला होता आणि निवड झाल्यापासून आठ दिवस मूग गिळून मीच बसले होते. वय सेहेचाळीस. हुडको कॉलनीतल्या या घरात आईचं सगळं अंथरुणावरच, ते मी करते. भाऊ राहुल स्टील प्लांटमध्ये, त्याचा शिफ्टचा डबा मी करते. त्याची बायको नीतू सुपेला बाजारात दुकानावर जाते, म्हणून पोरीचा अभ्यासही माझ्याकडेच. थकले म्हणायलाही आता कंटाळा येतो.

दुपारी त्यांची मोनाली बारावीचं पुस्तक घेऊन आली. खिडकीच्या चौकटीला गांधीलमाश्यांचं घरटं आहे, त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्या, राणी एक अन् बाकी सब कामकरी. पर हे सुरू कसं झालं?"

"पहिले सगळ्या एकट्या राहायच्या. मंग एखादीच्या पोरी उडून गेल्याच नाही. बाहेर एकटीचं घरटं टिकत नव्हतं. आईजवळ राहून बहिणी वाढवल्या. रक्त एकच, म्हणून वंश चालला. लाखो वर्षं असंच. मुंग्याइमधे तं कामकरणींचे पंखच गेले."

"अन् इनके?"

"आहेत अजून. एखादी जाते बी सोडून, आपलं घरटं बांधते."

"तो फिर बाकी कावून नाही जात? कोन रोकते त्याइले?"

मला उगाचच राग आला. "पुस्तकात पाह्य," मी म्हटलं. पुस्तकात ते नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

साडेचारला, राहुल शिफ्टवरून येऊन बाहेरच्या खोलीत पडला होता तेव्हा, मी आईच्या खाटेशी गेले, भांडायच्या तयारीनं. वीस वर्षांची वाक्यं साठवून ठेवली होती.

"आई, मले जगदलपूरले नोकरी लागली. जाऊ?"

"जाय ना बाई," आई म्हणाली. "मी कवा रोकलं तुले?"

मी आठवत राहिले. बाबा गेले तेव्हा राहुल शिकत होता. मला स्थळ आलं, तेव्हा आता नको असं मीच म्हटलं होतं. आई फक्त गप्प राहिली होती. मला रडू आलं. राग तिचा आला होता की स्वतःचा, काही ठरेना.

तिथेच बसून फोन लावला आणि हो म्हणून टाकलं.

आईनं ऐकलं. मग म्हणाली, "मंग माह्यं कोन करीन?"

"राहुल करीन. तोबी तुह्याच पोटचा आहे."

पाच वाजले होते, तिच्या चहाची वेळ. सवयीनं मी दारापर्यंत गेले. मग तिथूनच राहुलला हाक मारली आणि परत येऊन बसले.