तुटक रेषा

ओर्नेला स्कुदेरींनी फळ्यावर पाण्याचे दोन रेणू काढले, त्यांच्यामध्ये खडूने एक तुटक रेषा ओढली, आणि त्या रेषेचं नाव त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं.

खडू तसाच हातात राहिला. जुलैचा उकाडा, खिडकीच्या कठड्यावर एटना ज्वालामुखीची काळी राख, आणि मागे बाकांवर आपापल्या पाळीची वाट बघत बसलेली जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाची पोरं. तोंडी परीक्षा सगळ्यांदेखतच व्हायची. पेशी आणि प्राणी पुढे. आधी रसायनाची तोंडओळख पार करायची, अणू, रेणू, बंध, आम्ल. ओर्नेलाबाईंनी ती जन्मभर शिकवली होती. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितली असती, पण ते या वसंतापर्यंत.

वसंतापासून शब्द गळायला लागले. आधी शेजारणीचं नाव गेलं, मग रोजच्या वापरातलं काहीबाही. त्यांनी कुणाकडे ब्र काढला नाही. कळलं असतं तर निवृत्तीपर्यंत कुणी थांबू दिलं नसतं, आणि एकट्या बाईने या वर्गाशिवाय करायचं तरी काय? मग त्यांनी एक युक्ती काढली. जो शब्द हरवेल तोच पोरांना विचारायचा. परीक्षाच ती, संशय कुणाला येणार? उलट पोरांत बोलवा झाली, की स्कुदेरीबाई हल्ली फार खाष्ट झाल्यात, साधंसुधंच विचारतात आणि उत्तर दिलं की टक लावून बघत बसतात.

"ही रेषा कसली?" त्यांनी विचारलं.

समोरच्या खुर्चीत साव्हेरियो कुतुली बसला होता. उंच, किडकिडीत, शर्ट पाठीला चिकटलेला. दोनदा नापास झालेला. या खेपेलाही आपटला तर शिष्यवृत्ती जाणार होती. बाईंचे सहायक लो प्रेस्ती यांनी सकाळीच हसत हसत सांगितलं होतं, की हा नेहमी आजोबांचं निमित्त पुढे करतो. म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणे, सपाता घालून रस्त्यावर निघून जातो, आणि हा शोधत फिरतो. ओर्नेलाबाई तेव्हा हसल्या नव्हत्या.

साव्हेरियोच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी तो बोलू लागला. हा सहसंयुज बंध, म्हणाला. दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, म्हणून तो पक्का असतो, सहजी तुटत नाही. बोलता बोलता त्याला धीर आला आणि वाक्यं नीट लागत गेली. ओर्नेलाबाईंनाही ती ओळखीची वाटली. सगळे शब्द त्यांचेच तर होते. असंच असणार, असं मनाशी म्हणून त्यांनी मान डोलावली.

मग त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली. तिथली मुलगी तोंडावर हात ठेवून फळ्याकडे बघत होती.

काहीतरी चुकलं होतं, पण काय? त्यांनी फळ्याकडे पाहिलं. दोन मोठे गोल, चार लहान, मध्ये तुटके तुकडे. दुसऱ्याच कुणीतरी काढून ठेवलेलं चित्र असावं, तसं ते त्यांना काही म्हणजे काही सांगेना. एवढ्यात दार ढकलून लो प्रेस्ती कॉफीचे दोन इवलेसे कप सांभाळत आत आले. आता ते फळा बघणार, पोराने काय सांगितलं ते विचारणार. त्याआधी हे संपवायला हवं होतं.

"सव्वीस," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मान्य?"

तीसपैकी सव्वीस. पटले नाहीत तर गुण नाकारून पुन्हा बसायची मुभा सगळ्यांनाच होती, पण दोनदा आपटलेला पोरगा सव्वीस कशाला नाकारतोय? साव्हेरियोचा चेहरा उजळला. त्याने हसून पहिल्या बाकाकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि तिथे त्याची नजर अडकली. मग तो बाईंकडे बघत राहिला, बराच वेळ. तोंडावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"नाही मॅडम. मान्य नाही."

बाकांवर कुजबुज झाली. लो प्रेस्ती कप घेऊन जागच्या जागी थांबले. झालं, आता हा सगळ्यांसमोर बोलणार, असं ओर्नेलाबाईंना वाटलं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मी चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम सावकाश झाला होता. "मी सांगितला तो रेणूच्या आतला बंध. ही रेषा दोन रेणूंच्या मधली आहे. हा हायड्रोजन बंध. या रेणूतला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. एकेकटा अगदी कच्चा असतो, मॅडम. सारखा तुटतो, पुन्हा जुळतो. पण पुष्कळ असले की धरून ठेवतात."

हायड्रोजन बंध. शब्द आपल्या जागी येऊन बसला, आणि त्याच्यामागून तरंगणारा बर्फ आला, पानावरचा थेंब आला, इतक्या वर्षांचे तास आले. ओर्नेलाबाईंना रडू फुटेलसं झालं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही मुद्दाम गप्प बसलात ना?" साव्हेरियो म्हणाला. "माझी चूक मला कळते का, बघायला."

"हो," त्या म्हणाल्या.

लो प्रेस्ती हसले. बाईंची ही जुनीच खोड, म्हणाले, आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. पोरंही हसली. पहिल्या बाकावरच्या मुलीने तोंडावरचा हात काढला.

"आता सव्वीस मान्य?"

"मान्य, मॅडम."

त्याने गुणपुस्तिका उघडून पुढे सरकवली. ओर्नेलाबाईंनी गुण लिहिले, सही केली. पेन तारखेच्या रकान्यापाशी आलं आणि थांबलं. त्यांनी काही विचारलं नव्हतं, मानही वर केली नव्हती.

साव्हेरियो पुस्तिका सारखी करायच्या निमित्ताने वाकला.

"नऊ जुलै, मॅडम," तो फक्त त्यांना ऐकू जाईल इतकं हळू म्हणाला. "आज बुधवार."

घरी आजोबांना तो रोज सकाळी असंच सांगत असावा. त्यांनी तारीख लिहिली. मान वर करून त्याच्याकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.