चपट्या डोक्याची मुंगी आणि मी

मी एक जुने भिंग आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, या घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मी जास्त पाहिले आहे. आरसा म्हणेल, मीच जास्त पाहिले. पण त्याने पाहिले काय, तर माणसांची तोंडे!

मित्रांनो, माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. घासून घासून मला पोटाशी फुगीर आणि कडेला पातळ केले आणि एका घड्याळजीला विकले. घड्याळजी मला डोळ्याच्या खोबणीत धरून दिवसभर इवलीशी चाके न्याहाळत. "हे भिंग नसतं तर मी कधीच घरी बसलो असतो," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी नसलेली मान ताठ करत असे. पुढे त्यांचे दुकान बंद झाले. तुटक्या पट्ट्यांबरोबर मी एका खणात पडलो. धूळ खाणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले.

तिथून मला बाहेर काढले ते त्यांच्या सुनेने. सूनबाई संग्रहालयात मुंग्या ओळखायचे काम करत. मुंग्या! मला वाटले, संपले आपले दिवस. साखरेच्या डब्यात शिरणारा तो जीव, त्यात बघायचे काय? मग त्यांनी मला एका मुंगीवर धरले आणि माझा सगळा तोरा उतरला. अंगावर सोनेरी लव, दातेरी जबडे, आणि कंबर अशी की घड्याळातले बारीकातले बारीक चाकही तिच्यापुढे ओबडधोबड वाटावे. घड्याळजीही बघून थक्क झाले. "सूनबाई, हिला घडवणाऱ्याकडे भिंग कोणतं असेल गं?" ते म्हणाले.

रानात मुंग्या गोळा करायची संग्रहालयाची एक रीत होती. झाडाखाली पांढरी चादर पसरायची, फांदीवर काठी आपटायची आणि खाली पडेल ते टिपायचे. एकदा एका झाडाखाली गोल डोक्याच्या तांबूस मुंग्या ढीगभर मिळाल्या. त्यांच्यात एकच मुंगी निराळी होती. तिचे डोके पुढून सपाट होते, सुरीने कापल्यासारखे. सूनबाईंना हे कोडे काही सुटेना. ही कुठल्या जातीची? अशी का? राहते कुठे?

"चिमट्यात चेपली असेल हो," मोठे साहेब, म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, म्हणाले. "हिच्यामागे किती दिवस घालवणार, बाई? उन्हाळा संपेपर्यंत हिच्यासारखी दुसरी दाखवा. नाहीतर टाकून द्या आणि दुसरं काम घ्या."

सूनबाईंनी पुन्हा पुन्हा चादर पसरली. गोल डोकी पडत, सपाट डोके काही पडेना. "त्या मुंगीपायी बाईंचंच डोकं सपाट होणार," असे सोबतचे लोक चेष्टेने म्हणत. त्या तिथे हसून वेळ मारून नेत, पण घरी आल्यावर त्यांना घास गोड लागत नसे. मला त्यांचे फार वाईट वाटे. भिंगाला डोळा मोठा करता येतो, धीर मोठा करता येत नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा एकदा घड्याळजीही रानात सोबत आले. "तू आपट काठी, मी बसतो. माझे गुडघे कधीच बंद पडलेत," ते म्हणाले.

"आज मीही बसते, बाबा. हात भरून आलेत," सूनबाई म्हणाल्या.

दोघे चुपचाप बसले. समोरच्या वाळक्या फांदीवरून एक गोल डोक्याची मुंगी चढत होती. ती एका जागी थांबली आणि नाहीशी झाली. सूनबाईंनी मला पुढे धरले. भोक नाही, फट नाही, नुसती साल. तेवढ्यात दुसरी मुंगी आली. तिने मिशांनी सालीवर टकटक केले, आणि मित्रांनो, सालीचा एक गोल तुकडा मागे सरकला! मुंगी आत गेली. तुकडा परत जागेवर आला. तो सालीसारखाच खरबरीत, सालीच्याच रंगाचा होता.

"बाबा," सूनबाई कुजबुजल्या, "हे दार जिवंत आहे. हे डोकं आहे तिचं!"

आता सगळे उमगले. गोल डोक्याच्या आणि सपाट डोक्याच्या मुंग्या वेगळ्या नव्हत्याच, एकाच घरच्या सख्ख्या बहिणी होत्या. गोल डोक्याच्या बाहेर हिंडत, म्हणून चादरीवर पडत. जी दार सोडून कधी हलतच नाही, ती काठीने पडणार कशी? ती पहिली पडली, ती बहुधा काठीने तिची वाळकी फांदीच मोडली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब कुरकुरत रानात आले. त्यांनी मला डोळ्याला लावले आणि गवताच्या काडीने दारावर टोचून पाहिले. दार तसूभरही हलले नाही. मग घरची मुंगी आली, तिने टकटक केले, आणि दार उघडले. साहेबांनी मला डोळ्यावरून खाली घेतले.

"चेपली नव्हती, बाई," ते हळूच म्हणाले. "मीच घाईनं बोललो. ही फांदी कापून न्यायची का?"

"नको, साहेब. आत पिल्लं असतील. आपल्याकडे एक आहे, तेवढी पुरे."

ती एक आता गोल डोक्याच्या बहिणींशेजारी, त्यांच्याच नावाखाली ठेवली आहे.

मित्रांनो, मला पुसायचे तर मऊ कापडाने पुसा, एवढे मागणे आहेच. पण खरे मागणे दुसरे आहे. एखादा जीव वेडावाकडा वाटला तर त्याला टाकून देण्याआधी त्याचे घर बघून या. आणि रानात वाळकी फांदी दिसली तर उगाच मोडू नका. आत कुणीतरी स्वतःच्या डोक्याने दार लावून उभे आहे, आणि त्याच्या भरवशावर सगळे घर निर्धास्त आहे.